गाडी आहे का रे?

आरटीओच्या आरसी बुकात मालकाच्या रकान्यात एकच नाव असतं. पुढे बुक गेलं, स्मार्ट कार्ड आलं, पण नाव एकच राहिलं. अशा गाडीला कायदा खासगी म्हणतो. तिला पांढरी पाटी आणि काळे आकडे. भाड्याने धावणाऱ्या गाडीला पिवळी पाटी. म्हणजे सरकारची समजूत अशी, की पिवळ्या पाटीची गाडी सगळ्यांची आणि पांढऱ्या पाटीची एकट्याची. ज्या अधिकाऱ्याने हा भेद पहिल्यांदा कागदावर उतरवला, त्याच्याकडे स्वतःची स्कूटर नसणार. किंवा स्कूटर असेल, पण मेहुणा नसेल.

महाराष्ट्रात खासगी वाहनाइतकी सार्वजनिक चीज दुसरी सापडायची नाही. एसटीला निदान तिकीट लागतं. तिला थांबा असतो, वेळापत्रक असतं (ते भिंतीवर असतं, एवढंच मी म्हणेन), आणि रात्री ती डेपोत जाऊन गप उभी राहते. तुमच्या दारातल्या ॲक्टिव्हाला यातलं एकही सुख नाही. रात्री साडेअकराला खालून हाक येते, "गाडी आहे का रे? आत्याला स्टेशनवरून आणायचंय." विचारणाऱ्याचा एक हात तेव्हा गाडीच्या सीटवर असतो आणि दुसरा किल्लीसाठी पुढे आलेला असतो. "नाही" म्हणायला जागाच उरत नाही.

वास्तविक आता गाड्या कमी का आहेत? २०१८ साली पुण्यात नोंदलेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांपुढे गेला आणि त्याने शहराच्या लोकसंख्येला मागे टाकलं. त्यात पाळण्यातली बाळं धरली, अंथरुणाला खिळलेले आजोबा धरले, तरी माणशी एक गाडी पुरून वर उरते. तरीही ज्याला बाहेर जायचं असतं, त्याची गाडी सर्व्हिसिंगला तरी असते, पंक्चर तरी असते, नाहीतर ती कोणीतरी नेलेली असते. ज्याने नेली त्याची गाडी तिसऱ्याने नेलेली असते. शहराची वाहतूक चालते ती या साखळीवर. जिने मुळात पहिली गाडी मागितली, ती व्यक्ती अजून परत आलेली नाही.

याचं मूळ फार मागे आहे. १९७२ साली बजाजची चेतक आली, आकुर्डीच्या कारखान्यातून. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. पण घोड्यासाठी राणाजींना नंबर लावावा लागला नसावा. इथे परवान्यांचं राज्य होतं, कारखान्याने किती स्कूटरी काढायच्या ते दिल्लीत ठरायचं, आणि गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं थांबायचं. दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं आहेत. मुलगा पहिलीत गेला तेव्हा नंबर लावला आणि मॅट्रिकला बसला तेव्हा स्कूटर आली, हे त्या काळी कोणाला नवलाचं वाटत नसे. उलट मुलगा एका दमात मॅट्रिक झाला, याचं वाटे. परदेशी चलनात पैसे भरले की स्कूटर लवकर मिळायची. त्यामुळे पंधरा वर्षं ज्याचं नाव घरात निघालं नव्हतं, त्या अमेरिकेतल्या चुलतभावाला एकाएकी सविस्तर पत्रं जाऊ लागली. पत्रात आईच्या संधिवातापासून सुरुवात करायची आणि तिसऱ्या पानावर हळूच स्कूटरवर यायचं.

आता मला सांगा, जिची वाट सगळ्या वाड्याने दहा वर्षं पाहिली, ती स्कूटर आल्यावर एकट्या मालकाची कशी राहील? नंबर कितवा आहे हे समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना तोंडपाठ. डीलरचं पत्र पोस्टमनने आधी वाचलेलं. गाडी दारात आली की आरती शेजारणीने ओवाळायची, चाकाखालचं लिंबू तिसऱ्या बिऱ्हाडातून यायचं, नारळ मालकाने फोडायचा आणि खोबरं वाड्याने खायचं. मालकाच्या वाट्याला त्या दिवशी येई ते फक्त पेढ्यांचं बिल. पहिली चक्कर वाड्यातल्या त्या एका गृहस्थाने मारायची, ज्याला 'चालवता येतं' अशी ख्याती असे. मालक मागे बसायचा. स्वतःच्या स्कूटरवरचा पहिला प्रवास माणसाने डबलसीट करायचा, हा तेव्हाचा रिवाज.

वाडे गेले, प्रतीक्षा यादी गेली, हप्त्यावर अर्ध्या तासात गाडी मिळू लागली, पण लोकांचा तिच्यावरचा हक्क काही गेला नाही. नवी गाडी पार्किंगमध्ये उभी करा. लिफ्टकडे निघालेला माणूस थांबतोच.

"कितीला पडली?"

तुम्ही आकडा सांगता.

"ऑन रोड?"

तुम्ही दुसरा आकडा सांगता.

"चार दिवस आधी विचारायचं ना! आपल्या ओळखीचा होता."

हा ओळखीचा मनुष्य गाडी घेण्यापूर्वी कधीही अस्तित्वात नसतो. मग येतो तो थोर प्रश्न, "ॲव्हरेज काय देते?" आपल्याकडे माणसाचा पगार आडून विचारतात, जात त्याहून आडून विचारतात, पण ॲव्हरेज तोंडावर विचारतात. या प्रश्नाला खरं उत्तर दिलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. कंपनी एक आकडा सांगते, मालक त्यात आपला अभिमान मिळवतो, आणि ऐकणारा तरीही म्हणतो, "एवढंच? आमची जुनी हिरो होंडा डोळे झाकून ऐंशी द्यायची." डोळे झाकून चालवणाऱ्यांचा आकडा नेहमी जास्तच येतो.

गाडी सुरू न होणं हा तर पूर्वी लोकोत्सवच होता. जुन्या स्कूटरला किका मारून मालक घामाघूम झाला की पहिला जाणकार येई आणि म्हणे, "चोक ओढा." दुसरा म्हणे, "चोक मुळीच ओढू नका, पेट्रोल ओव्हर झालंय." तिसरा काही न बोलता मालकाला बाजूला करी आणि स्कूटर अशी आडवी तिरकी करी, की मालकाच्या काळजात चर्र होई. चौथा प्लग काढून पॉलिश पेपरने घासू लागे. हा पॉलिश पेपर त्याच्या खिशात कुठून येई, कोण जाणे. या चौघांपैकी कोणी कोणाला ओळखत नसे. स्कूटर सुरू झाली की हे पांगत आणि श्रेय चौघंही घेत. लुनावाल्यांचं त्या मानाने बरं होतं. फिरोदियांनी तिला पेडल दिलेलं असल्यामुळे गाडी रुसली तरी मालक पाय मारत अब्रूने घरी पोचे. फक्त तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर व्यायामाचा भाव आणावा लागे.

आणि पेट्रोल संपलेल्याला पाय लावणं! हा प्रकार जगात आणखी कुठे चालतो मला माहीत नाही, पण आपल्याकडे रोज चालतो. बंद पडलेला पुढे, अनोळखी मदतनीस मागून आपल्या गाडीवर. त्याने एक पाय लांब करून पुढच्याच्या फुटरेस्टवर टेकवायचा आणि दोन्ही गाड्या एका इंजिनावर पंपापर्यंत न्यायच्या. मध्ये चढ आहे, सिग्नल आहे, डावीकडून पीएमपीची बस घासत जाते आहे, आणि हे दोघे निवांत गप्पा मारत चालले आहेत. पंपावर पोचल्यावर आभार मानायला वळून बघावं, तर तो उलट दिशेने गेलेलासुद्धा असतो. त्याचं काम मुळात त्या बाजूला होतं.

दुचाकीवर चालकामागे एकच माणूस बसावा, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ सांगतं. हे कलम लिहिलं गेलं तेव्हा आपलं कुटुंब विचारात घेतलेलं दिसत नाही. थोरला पुढे उभा, हँडलला धरून; वारा तोंडावर घेणारा घरातला एकमेव सुखी प्राणी. त्याच्यामागे वडील. मग धाकटी, जिचं दोन्हीकडून भरीत होतं आहे. शेवटी आई, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी, पिशवीत उद्याच्या मुंजीचा आहेर. स्कूटरच्या पायाशी जी सपाट जागा असते ती कंपनीने पाय ठेवायला दिली, असा काहींचा गैरसमज आहे. ती गॅसच्या सिलिंडरसाठी आहे. पाय हँडलच्या वर कुठेतरी ठेवायचे असतात. चतुर्थीला हीच स्कूटर गणपती घरी आणते. मागे बसणाऱ्याच्या मांडीवर मूर्ती, मूर्तीवर रुमाल, आणि चालवणारा आयुष्यात प्रथमच खड्डे चुकवत, वीसच्या वेगाने. बायको मागे बसलेली असताना हा वेग कुठे जातो, असं आमच्या एका वहिनींनी विचारलं होतं. दादांनी उत्तर देण्याऐवजी हॉर्न वाजवला.

पावसात असंच एक कुटुंब स्कूटरवर भिजत चाललेलं पाहून रतन टाटांना लाखाची मोटार सुचली, हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात नॅनो लोकांसमोर आली. काच वर करा, भिजू नका, चौघं बसा. हेतू उत्तम, गाडीही बरी. पण टाटांनी भिजणारं कुटुंब पाहिलं, त्या कुटुंबाचे शेजारी पाहिले नाहीत. पाच जण एका स्कूटरवर कोंबून बसण्यात आपल्याला कधी कमीपणा वाटला नाही. सर्वांत स्वस्त मोटारीतून ऐटीत उतरण्यात मात्र वाटला. लग्नाच्या हॉलबाहेर उतरताना बघणार कोण? सगळेच. मग त्या सगळ्यांना विचारून गाडी घ्यायला नको? दहा वर्षांत नॅनो बनायची थांबली.

रस्त्यावर आलात की तुमच्या गाडीचा कारभार अनोळखी लोक हातात घेतात. साइड स्टँड खाली राहिला असेल तर चौकातले सगळे एका सुरात ओरडतात, "स्टँड! स्टँड!" ओढणी चाकाकडे लोंबत असेल तर मागचा जीव तोडून हॉर्न देतो, पुढे येतो, आणि "ताई, ओढणी!" एवढंच म्हणून निघून जातो. "काका, इंडिकेटर!" हे तर मिनिटागणिक. आपल्या शहरांत शेजारच्याच्या घरात काय चाललंय ते पाहू नये असं म्हणतात, पण शेजारच्या गाडीचा इंडिकेटर दोन किलोमीटर चालू राहिला तर माणसाला जेवण जात नाही. मला ही गोष्ट मनापासून आवडते. ज्या रस्त्यावर कोणी कोणाला तसूभर वाट देत नाही, त्याच रस्त्यावर कोणी कोणाचा स्टँड खाली राहू देत नाही.

या काळजीवाहू मंडळींवर सरकारने एक मोठा अन्याय केला. पूर्वी दिवसा हेडलाइट चालू राहिला, की समोरून येणारा प्रत्येक जण हाताचा पंजा उघडमीट करून दाखवायचा. आपण लाइट बंद करायचा, मान डोलवायची, त्याला पुण्य लागायचं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि तो विझवायचं बटणच कंपनी देत नाही. नियमामागचा विचार चांगला आहे, समोरच्याला दुचाकी दुरून दिसते. पण पंजे दाखवणाऱ्यांना हे कोणी कळवलंच नाही. ते अजून पंजे दाखवताहेत. त्यांना वाटतं, पिढी बिघडली. सिग्नलला एका आजोबांनी शेजारच्या मुलाला खडसावलं, "दिवसाढवळ्या लाइट कशाला जाळतोस?" मुलगा म्हणाला, "आजोबा, बटण नाहीये." आजोबांनी हँडलचं दोन्ही बाजूंनी निरीक्षण केलं, खात्री पटवून घेतली आणि म्हणाले, "मग घेताना बघायला नको होतं?"

याच बंधुभावाचा दुसरा आविष्कार म्हणजे समोरून दिवे मारून दिलेली सूचना. अर्थ सगळ्यांना ठाऊक: पुढच्या वळणावर मामा उभे आहेत. मग ट्रिपलसीटमधला तिसरा उतरून पायी निघतो, कोपरात अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं, वन-वेत उलटे शिरलेले वळतात. मामांना ओलांडून दोनशे मीटरवर सगळे पुन्हा मूळपदावर येतात आणि तिसरा चालत येईपर्यंत थांबतात.

हेल्मेटवरून आठवलं. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती जोरात सुरू झाली, आणि पुणेकर विरोधासाठी रस्त्यावर उतरले. जो माणूस आपली गाडी, तिच्यातलं पेट्रोल, डिकी आणि डिकीतला रेनकोट कोणालाही विनातक्रार देतो, तो गर्जून सांगू लागला की डोकं माझं आहे, त्यावर काय घालायचं ते मी ठरवीन. खासगी मालमत्तेची पुण्यातली व्याख्या मला त्या दिवशी कळली. गाडी सर्वांची, डोकं तेवढं स्वतःचं. हेल्मेट घालावं असं माझं स्पष्ट मत आहे, पण ते मी पुण्यात मोठ्याने बोलत नाही.

गाडीवर आपलं काहीतरी असावं, म्हणून बिचारा मालक नंबर प्लेटकडे वळला. ४१४१ घेऊन त्याचे 'दादा' करावेत, २१४ चा 'राम' करावा, ८०५५ चा इंग्रजी 'बॉस' करावा, अशी ही चित्रकला गावोगाव बहरली. त्यासाठी आरटीओत पसंतीच्या क्रमांकाचे पैसे मोजले. आता २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाल्यामुळे सगळ्या दादांचे पुन्हा चार हजार एकशे एकेचाळीस झाले आहेत. राहिली मागची काच. तिथे 'आईची कृपा', 'वडिलांचा आशीर्वाद', आणि खाली दोन्ही मुलांची नावं. हप्ते कोण भरतो, त्याचा उल्लेख कुठेच नाही.

गाडी एकट्याची असते हे ढोंग पश्चिम महाराष्ट्राने सोडून दिलं आहे. साताऱ्या-सांगलीकडची वडापची, म्हणजे भाडं घेऊन माणसं भरून नेणारी, जीप बघा. पाटी कुठल्या रंगाची आहे हे बघण्याइतकी ती मोकळी कधी दिसतच नाही, कारण मागे चार जण लटकलेले असतात. "अजून एक बसतंय, पाव्हणं, जरा सरका की" असं म्हणत ड्रायव्हर स्वतःच इतका सरकतो, की शेवटी स्टिअरिंगसमोर भलताच माणूस असतो आणि ड्रायव्हर दाराबाहेरून गिअर टाकत असतो. एसटी ज्या गावी दिवसातून दोनदा जाते, तिथल्या पोरी कॉलेजला पोचल्या त्या बऱ्याचदा या जिपांमुळे. हे विनोदी लेखातसुद्धा लिहून ठेवायला हवं.

सरकारचा मात्र गोंधळ होतो. २०२३ च्या जानेवारीत खासगी वाहनांतून असे एकत्र प्रवासी नेण्यावर राज्याने बंदी घातली, आणि २०२५ मध्ये इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीला परवानगी दिली. म्हणजे आता अनोळखी माणसाला मागे बसवायला धोरण आहे, नियम आहेत, भाडं आहे. ओळखीचा माणूस फुकट बसतो त्याचं काय, यावर धोरण नाही. ते कधी येईल असंही वाटत नाही, कारण मंत्र्यांनाही मेहुणे असतात.

चारचाकीवाल्यांची कथा मी थोडक्यात आटोपतो, कारण ती दुःखाची आहे. "आता तुमची स्वतःची गाडी आहे" या वाक्याने जिची सुरुवात होते, ती अष्टविनायकाच्या यात्रेवरच संपते. पाच जणांच्या गाडीत सात. फोनमधली बाई रस्ता सांगत असते आणि काका काच खाली करून पानवाल्याला विचारत असतात. पानवाला "सरळ जावा" म्हणतो. मावशींना पुढे बसल्याशिवाय मळमळतं, आणि पुढे बसल्यावर त्या प्रत्येक ट्रकला "अगं बाई" म्हणतात. थेऊर, रांजणगाव, ओझर होईपर्यंत मालकाने एकाही गणपतीचं नीट दर्शन घेतलेलं नसतं, कारण तो पार्किंग शोधत असतो.

तेव्हा गाडी मागायला खुशाल या. किल्ली फ्रिजवर असते. एवढंच करा, पेट्रोल रिझर्व्हला आणून ठेवू नका, डिकीतला रेनकोट डिकीतच राहू द्या, आणि दोन्ही आरसे होते तसे करून जा. तुम्ही तुमच्या उंचीला लावून जाता, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मला मागचा रस्ता सोडून फक्त स्वतःच्या बगला दिसतात.